गोव्यातल्या घळी कशा तयार झाल्या, आणि आत उतरण्याआधी काय समजून घ्यायचं

पुण्याचा माझा भाचा गेल्या डिसेंबरात घरी आलेला, मोबाईलवर ग्रँड कॅन्यनचे फोटो दाखवून म्हणतो, मामा, असलं काहीतरी तुमच्या गोव्यात का नाही? मी म्हटलं आहे, पण आमच्या दऱ्यांवर इतकं रान चढलंय की फोटोत नुसता हिरवा डोंगर दिसतो. त्याला काही ते पटलं नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीपाव खाऊन त्याला गाडीत घातला आणि साखळी, केरी करत चोर्ला घाट चढून थेट कणकुंबीला नेला. तिथे उभं राहून त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय. दर पावसाळ्यात धबधब्यांचे रील्स बघून लोक धावत येतात, पण धबधब्याच्या पुढची ती अरुंद, काळोखी, दगडी गल्ली, म्हणजे घळ, ती कुठून आली हे कोणीच विचारत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आता कणकुंबीच का? गाव कर्नाटकातलं, खानापूर तालुक्यातलं, चोर्ला घाट चढून वर गेलं की लागतं. इथल्या माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, समुद्रसपाटीपासून साधारण 790 मीटरवर. ती पूर्वेला जाते, तीनशेच्या वर किलोमीटर चालून कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. आणि ह्याच गावच्या शिवारातला कळसा नाला बरोबर उलट्या दिशेला, पश्चिमेला, म्हादईकडे जातो, म्हणजे पुढे मांडवी, पणजी आणि अरबी समुद्र. घराच्या पाख्यावर पाऊस पडला की आढ्याच्या इकडचा थेंब पुढच्या अंगणात आणि तिकडचा मागच्या परसात जातो ना, अगदी तसं.

फरक आहे तो उताराचा. पूर्वेच्या थेंबाला आठशे मीटर उतरायला हजार किलोमीटरच्या वर रस्ता आहे, म्हणजे किलोमीटरमागे एक मीटरसुद्धा उतार नाही, निवांत, शेतांमधून, वळणं घेत. पश्चिमेच्या थेंबाला समुद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर, आणि त्यातही जवळजवळ सगळी उंची पहिल्या काही किलोमीटरातच संपते, कारण सह्याद्री गोव्याच्या बाजूला उतरत नाही, तुटतो. कडा संपला की खाली केरी, वाळपईची कुळागरं, म्हणजे माडापोफळींच्या बागा. एवढ्या कमी जागेत एवढं खाली यायचं तर पाण्याला दोनच मार्ग, उडी मारायची नाहीतर कापत जायचं, आणि ते दोन्ही करतं. म्हणून इथल्या घळी बहुतेक पश्चिमेच्या अंगाला सापडतात.

सह्याद्री असा एका बाजूने तुटलेला का, हे अगदी थोडक्यात सांगतो. भारताचा तुकडा आधी मादागास्करपासून फुटला, साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी, मग सेशेल्सपासून. भाकरी मोडली की कड कशी खडबडीत आणि उभी राहते, तशी ही आपली पश्चिमेची कड. पण फुटली तेव्हा ती आजच्या जागी नव्हती, समुद्राच्या बाजूला होती, आणि तेव्हापासून पाणी तिला कुरतडत कुरतडत पूर्वेला ढकलतंय. आज आपण चोर्ल्याला जो कडा बघतो तो मागे मागे सरकत इथवर आलेला कडा आहे. हे सरकणं कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

तर धबधबा सरकतो म्हणजे काय.

आधी एक गैरसमज काढू. "पाणी दगड कापतं" हे अर्धंच खरं आहे. नुसतं स्वच्छ पाणी कातळाला फारसं काही करत नाही, नळाखालची फरशी काय वर्षभरात कापली जात नाही. कापतात ते पाण्याबरोबर वाहणारे दगड, गोटे, वाळू. पाणी हा हात, दगड हे हत्यार. वाहत्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, एखादा गोटा कातळातल्या छोट्या खड्ड्यात अडकतो, वरून पाण्याचा भोवरा त्याला गरगरा फिरवत राहतो, आणि तो खड्डा घासत जातो. आमच्याकडे रगड्यावर खोबरं वाटतात तसंच, फक्त इथे वरवंटाही दगड आणि वाटला जातो तोही दगडच. काही हजार पावसाळे गेले की तिथे गुळगुळीत गोल रांजण तयार होतो. ह्यांना रांजणखळगे म्हणतात, कुकडी नदीवर निघोजला आहेत ते महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहेत, पण गोव्यातल्या सत्तरी, सांगे तालुक्यांतल्या कुठल्याही मोठ्या व्हाळात उन्हाळ्यात जा, लहानमोठे दिसतीलच, तळाशी ते गोटेसुद्धा बसलेले असतात, कामावरून सुट्टी घेतल्यासारखे. असे शेजारशेजारचे दोन रांजण मोठे होत होत मधली भिंत फुटते, मग तिसरा जोडला जातो, आणि कातळात एक चर तयार होतो. घळीच्या भिंतीवर हात फिरवला की अर्धगोल, वाटीसारखे कोरलेले भाग लागतात ना, ते असे अर्धे उरलेले रांजण.

दुसरं म्हणजे खडकाला आधीच असलेल्या भेगा. चोर्ल्याच्या माथ्यावर, गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात, काळा पाषाण आहे, बेसाल्ट, महाराष्ट्रात सगळीकडे आहे तोच, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि आकसताना तडकतो, शेतातला चिखल उन्हात तडकतो तसा, फक्त ह्या भेगा उभ्या खोल जातात. शिवाय लाव्हा एकदम नाही आला, थरावर थर आला, आणि मध्ये मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडा मऊ मातकट थर राहिला. आता ह्यावरून पाणी पडायला लागलं की बघा काय होतं, वरचा थर टणक, तो टिकतो, खालचा मऊ, तो पाण्याच्या माऱ्याने पोखरला जातो, वरचा भाग छज्ज्यासारखा लोंबकळत राहतो, आणि एक दिवस उभ्या भेगेवर मोडून धाडकन खाली. धबधब्याची धार त्या दिवशी तेवढी मागे गेली. परत खाली पोखरणं चालू. असं होत होत धबधबा नदीच्या उगमाकडे मागे मागे चालत जातो, आणि तो जिथून जिथून गेला तिथे दोन भिंतींमधली रिकामी गल्ली उरते. घळ म्हणतात ती हीच.

कोणाला हे जरा जास्तच वाटत असेल तर नायगारा घ्या, तो साधारण 12,000 वर्षांत 11 किलोमीटर मागे सरकलाय, आणि त्याच्या खाली बरोबर तेवढीच लांब दरी आहे. आपला बेसाल्ट त्याच्या मानाने चिवट आणि पाणी वर्षातून चारच महिने जोरात, त्यामुळे आपल्याकडे वेग फारच कमी, पण हिशोब तोच. म्हणून घळीत खालून वर चालत जाताना मी नेहमी लोकांना सांगतो, आत्ता तुम्ही उभे आहात ना, इथे कधीकाळी धबधबा पडत होता. समोर दिसतोय तो त्याचा आजचा पत्ता.

आता दूधसागर. त्याची उंची 310 मीटर सगळे सांगतात, पण तो चोर्ल्याच्या धबधब्यांपेक्षा वेगळा का दिसतो हे कोण सांगत नाही. चोर्ल्याला वझरा सकलासारखी सरळ तुटलेली धार दिसते. (वझर, व्हजर म्हणजे आमच्याकडे धबधबाच, आणि कोकणीत सकयल म्हणजे खाली, फलकावर लोक वज्र लिहून त्याला उगाच पौराणिक करतात.) दूधसागर मात्र पडत कमी आणि घसरत जास्त येतो, टप्प्याटप्प्याने, कातळावर पसरत. कारण तिथे लाव्हा नाही, ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा जुना खडक आहे. किती जुना, तर त्याच पट्ट्यात अनमोड घाटातल्या नाइसचं वय 300 कोटी वर्षांच्या वर निघालंय, म्हणजे चोर्ल्याचा काळा पाषाण त्याच्यापुढे अगदी कालचं पोर. ह्या जुन्या खडकात मऊ थर, टणक थर असा प्रकार नाही, त्यामुळे खालून पोखरून छज्जा पडणं तेवढं होत नाही. पाणी भेगांवर, पायऱ्यांवर आपटून फुटत येतं आणि फुटलेलं पाणी पांढरं दिसतं, म्हणून दूध. त्याच्या मधूनच कॅसलरॉक ते कुळे रेल्वे जाते, पोर्तुगीज काळात 1880 च्या दशकात घातलेली, 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर असा तो चढ, आजही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. धबधबा बघायला लोक येतात पण मला तो रेल्वेमार्गच जास्त भारी वाटतो, त्या काळात त्या रानात, मलेरियात, काय करून बांधला असेल.

भाच्याचा मूळ प्रश्न राहिलाच, की मग आपल्या दऱ्या ग्रँड कॅन्यनसारख्या का नाही दिसत. कारण अगदी साधं आहे, पाऊस. कोलोरॅडो नदी वाळवंटी भागातून जाते, तिने 50-60 लाख वर्षांत दीडेक किलोमीटर खोल कापलं आणि दोन्ही बाजूच्या भिंती कोरड्या हवेत तशाच उभ्या राहिल्या, उघड्या, थर मोजता येतील अशा. आमच्या वाळपईला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. नदी खाली कापते त्याच वेळी बाजूचे डोंगर भिजून, कुजून, मातीसकट घसरत असतात, त्यामुळे दरीचं तोंड वर रुंद होत जातं आणि त्या मातीवर लगेच झाडं. 2021 च्या जुलैत पूर आला तेव्हा सत्तरीत डोंगराचे लचके खाली आले, आणि 23 जुलैला दूधसागर ते सोनावळी दरम्यान दरड पडून एक एक्सप्रेस गाडी रुळावरून घसरली. दरी रुंद होते म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, ते असं. उभ्या भिंतींची खरी घळ आमच्याकडे फक्त तिथेच टिकते जिथे कातळ पक्का आहे आणि धबधबा नुकताच, म्हणजे भूशास्त्राच्या हिशोबाने नुकताच, तिथून मागे गेलाय. म्हणून त्या लहान असतात, लपलेल्या असतात, आणि घाटातल्या कठड्यावरून दिसत नाहीत.

ह्याच मागे सरकण्याचा एक भाग आमच्या फार जिव्हाळ्याचा आहे. पश्चिमेची नदी डोंगर मागे खात खात माथ्याच्या पलीकडे गेली की पूर्वेला वाहणाऱ्या एखाद्या ओढ्याला गाठते आणि त्याचं पाणी स्वतःकडे ओढून घेते. शाळेच्या भूगोलात ह्याला नदीचौर्य म्हणायचे, नाव ऐकून वर्गात हसायचो आम्ही. सह्याद्रीच्या माथ्यावर हे युद्ध सगळीकडे चालू आहे आणि उतार जास्त असल्यामुळे जिंकते नेहमी पश्चिमवाली. म्हादईचं वरचं खोरं भीमगडच्या बाजूला, माथ्याच्या बरंच आत आहे ते बघण्यासारखं आहे. आणि माणसाने काय ठरवलं, तर बरोबर उलट करायचं, कळसा आणि भांडुरा ह्या नाल्यांचं पाणी वळवून परत मलप्रभेत घालायचं. म्हादई पाणीतंटा लवादाने 14 ऑगस्ट 2018 ला निवाडा दिला, कर्नाटकाला 13.42 टीएमसी, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. भांडण तरी संपलेलं नाही. त्या आकड्यांवर मी इथे बोलायला लागलो तर लेख भलतीकडे जाईल, एवढंच सांगतो की घळ जिवंत राहते ती वरून येणाऱ्या पाण्यावर आणि त्यातल्या दगडगोट्यांवर, वरचं पाणी कमी झालं तर खालची घळ म्हणजे नुसता कोरडा खड्डा.

आता आत उतरण्याचं.

घळीचा धोका समजायला एक छोटा हिशोब पुरे. समजा व्हाळ 20 मीटर रुंद, पाणी अर्धा मीटर, म्हणजे गुडघाभर, आणि सेकंदाला एक मीटर वाहतंय. पोरंसुद्धा पार करतील असा. हेच पाणी पुढे 2 मीटर रुंदीच्या घळीत शिरलं की जागा दहा पटीने कमी. पाण्याचा वेग दुप्पट झाला असं धरलं तरी खोली अडीच मीटर होते, हात वर केला तरी बोटं बुडतील. आणि हे पूर नसताना. वर पाऊस पडला तर? एक चौरस किलोमीटरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, फक्त एक सेंटीमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर, दहा हजार लिटरवाले हजार टँकर. पावसाळ्यात सडा आधीच पिऊन तट्ट झालेला असतो, तो नवीन पाणी ठेवून घेत नाही, सरळ खाली सोडतो. खाली घळीतून आभाळाची एक चिंचोळी पट्टी दिसते, ती निळी असते, आणि पाऊस पडतो तीन डोंगर पलीकडे, तुम्हाला पत्ताच नाही.

आम्ही कॉलेजात असताना ऑक्टोबरात असंच एका व्हाळात होतो, चवथ होऊन गेलेली, पाऊस संपला असं समजून. कातळावर बसून फरसाण खात होतो. गुरं घेऊन आलेले एक आजोबा वरून ओरडले, "उदक गदूळ जालें, वयर सरात रे!", म्हणजे पाणी गढूळ झालं, वर सरका. आम्हाला काय गदूळबिदूळ दिसेना, पण त्यांचा आवाज असा होता की उठलो. दहा मिनिटंही झाली नसतील, आम्ही बसलेलो तो कातळ पाण्याखाली, फरसाण आणि माझी नवी चप्पल मांडवीमार्गे पणजीला. त्या दिवसापासून मी व्हाळात पाण्याचा रंग बघायला शिकलो. पाणी थोडंसं चहासारखं झालं, काटक्या, सुका पाला, फेस वाहून यायला लागला, किंवा पाण्याचा आवाज बदलून घरघर लागली, की फोटो वगैरे सगळं सोडून आधी बाजूला वर चढायचं. बाजूला. प्रवाहाच्या दिशेने खाली पळायचं नाही, पाणी तुमच्यापेक्षा जोरात पळतं.

आणखी एक, धबधब्याच्या पायाशी जो पांढरा फेसाळ कोंड, म्हणजे डोह, असतो त्यात उतरणं. फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा, तेवढं पाणी हलकं, आणि हलक्या पाण्यात माणूस तरंगत नाही. वर पडणारी धार खाली ढकलते, बाजूचं पाणी परत धारेकडे ओढतं. कितीही पोहता येत असो, नदीत, समुद्रात पोहणारा माणूससुद्धा तिथे फसतो. 2023 च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, मग सरकारने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली आणि सोशल मीडियावर आरडाओरड झाली. बंदीने सगळं सुटतं असं मला वाटत नाही, पण जुलैतल्या घळीत कोणाला जायचंच कशाला हेही कळत नाही, दिसतं काय तर तांबडं पाणी आणि जळवा.

जायचा काळ दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. आता गोव्यात कॅन्यनिंगही होतं, म्हणजे हार्नेस, हेल्मेट घालून रोपने धबधब्यातून उतरत, कोंडातून पोहत घळ वरून खाली पार करायची. नवख्यांना ट्रेकसारखं वाटतं, पण एक मोठा फरक आहे. ट्रेकला दमलात तर मागे फिरता, इथे पहिला धबधबा उतरून रोप खाली ओढून घेतला की मागचा दरवाजा बंद, आता पूर्ण घळ संपवूनच बाहेर. म्हणून सोबत कोण आहे ह्याला महत्त्व. नेणाऱ्याला दोन प्रश्न विचारा, मध्येच कोणाचा पाय मोडला तर बाहेर काढायची वाट कुठून आहे, आणि ह्या पावसाळ्यानंतर कोंडांची खोली परत तपासली का. दर पावसाळ्यात गाडीएवढे दगड जागा बदलतात, गेल्या वर्षी उडी मारलेल्या कोंडात ह्या वर्षी कमरेइतक्या पाण्यातच दगड असू शकतो. उत्तर देताना तो हसून टाळायला लागला तर पैसे परत मागा. आणि वेटसूट दिला तर "गोव्यात कसली थंडी" म्हणून नको म्हणू नका, घळीत ऊन पोचत नाही, दोन-तीन तास त्या पाण्यात राहिलं की ओठ निळे पडतात.

ज्यांना एवढं करायचं नाही, आणि माझ्यासारखी पन्नाशी ओलांडलेली मंडळी, त्यांनी साखळीचा हरवळे धबधबा बघावा. सुमारे 24 मीटरचा, गाडी जवळ जाते, रुद्रेश्वराचं देऊळ बाजूला, जवळच जांभ्यात कोरलेली जुनी लेणी. म्हादई अभयारण्यात, 1999 साली झालेलं ते, 208 चौरस किलोमीटरचं, वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, नियमाचं सोडा, तिथे वाघ आहेत आणि घळीत तुम्ही समोरासमोर आलात तर दोघांनाही बाजूला व्हायला जागा नाही. दूधसागरला कुळ्याहून जीप सुरू होते पावसाळा संपला की. रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे.

भाच्याला मी शेवटी परत येताना चोर्ल्याच्या वळणावर थांबवला, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, कारण तेव्हा ऊन तिरकं होऊन डोंगराच्या घड्यांत सावली पडते आणि दुपारी सपाट दिसणारा हिरवा रंग एकदम कापल्यासारखा उघडतो. समोर विर्डीच्या बाजूला वझरा सकलाची धार डिसेंबरात दोऱ्याएवढी राहिलेली, तिच्या खालून एक काळी रेघ रानात वळत गेलेली. खाली कुठेतरी शीळ घालणारा कस्तूर ओरडत होता, रिकामटेकडं पोरगं शिट्टी मारत चालल्यासारखा. भाचा बराच वेळ बघत राहिला, मग बोटाने ती रेघ खालून वर गिरवत म्हणाला, म्हणजे धबधबा इथून निघाला, आणि तिथवर पोचलाय. मी म्हटलं हां, आणि अजून चाललाय, चल, केरीला चहा पिऊ.